नळीच्या मागची जागा

आमच्या भरे गावचा कुशाबा कुठंही गेला की आधी मागे बघतो. लग्नात अक्षता टाकायच्या आधी, देवळात आरतीचं तबक पेटायच्या आधी, फाट्यावर गाडीत चढायच्या आधी. नुसती मान वळवून नव्हे, तर सावकाश, डावीकडून उजवीकडे, बांधावर उभं राहून पीक न्याहाळावं तसा. सगळं बघून झालं की मगच तो पुढचं पाऊल टाकतो.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीत पोरं त्याची थट्टा करतात. परवा एकानं विचारलं, "काय कुशाबातात्या, मागं बायको उभी हाय का बघताय व्हय?"

कुशाबाला अर्धंच ऐकू येतं, पण थट्टा त्याला पुरती कळते. तो म्हणाला, "ती मागं कुटली? ती कवाच म्होरं गेली."

पोरं हसली आणि मग आपापल्या चहाकडं वळली. त्याची बायको रंभाबाई जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. मुलगा माऊली नाशिकला नोकरीला असतो, दिवाळीला येतो आणि भाऊबीज झाली की जातो. वरच्या दोन खोल्या कुशाबानं भाड्यानं दिल्यात. खाली तो एकटा असतो. सकाळी अंगण झाडतो, एका माणसापुरती भाकरी थापतो आणि ओट्यावर बसून उरवड्याकडे जाणाऱ्या कंपनीच्या गाड्या बघतो.

मागे बघायची सवय त्याला पलटणीत लागली, हे साऱ्या गावाला माहीत आहे. पण अलीकडं ती इतकी का वाढली, हे फार थोड्यांना माहीत आहे.

कुशाबा आणि कासार आंबोलीचा दयानंद एकाच दिवशी भरती झाले. दोघांच्या गावांत एक टेकडी आणि थोडी भातखाचरं, एवढंच अंतर. पण दोघांची ओळख झाली ती भरतीच्या मैदानावर, घामानं भिजलेल्या अंगानं, एकाच पाण्याच्या पिंपापाशी. पुढं पलटणीत दोघांच्या वाट्याला मिळून एक हत्यार आलं. कागदावर त्याचं नाव रिकॉइललेस रायफल. जवान त्याला आर.एल., म्हणजे रॉकेट लाँचर, म्हणत. हे दोघं मात्र नुसतं नळी म्हणत.

ही नळी काय चीज आहे, ते सांगितलं पाहिजे. साधी बंदूक गोळी पुढं फेकते आणि धक्का खांद्याला देते. गोळी जेवढी जड, धक्का तेवढा मोठा. रणगाड्याचं पोलाद फोडणारा किंवा बंकरची भिंत पाडणारा गोळा साध्या बंदुकीच्या रीतीनं खांद्यावरून मारायला गेलं, तर माणसाचा खांदा जागेवर राहणार नाही. म्हणून तोफ लागते. तोफेला चाकं लागतात, चाकांना रस्ता लागतो. आणि लढाई काही रस्ता बघून होत नाही. जिथं खेचरसुद्धा पाय टाकायला नाखूश असतं, अशा चढणीवर पायदळाला तोफेचं काम करून देते ती ही नळी. तिचं मागचं तोंड नरसाळ्यासारखं पसरट आणि उघडं असतं. गोळा पुढं सुटतो, त्याच क्षणी जाळ आणि वारा मागून सुटतो. पुढचा जोर आणि मागचा जोर सारखा होतो. खांद्याला काहीच कळत नाही. नळी पाळीव जनावरासारखी गुमान बसून राहते. पण त्या वेळी जो मागे असेल, त्याचं काही खरं नाही. मागची मोठी पट्टी, जसजशी लांब जाईल तसतशी रुंद होत जाणारी, सगळी मोकळी लागते. तिथं माणूस नको, भिंत नको, आपलेच राखून ठेवलेले गोळे नकोत.

म्हणून ही नळी एकट्याची नाही. ती दोघांची आहे. नंबर एक तिला खांद्यावर घेतो, डोळा दुर्बिणीला लावतो आणि घोडा दाबतो. नंबर दोन गोळे वाहतो, मागचं तोंड फिरवून उघडतो, गोळा भरतो, तोंड बंद करतो. मग मागे बघतो. सगळं मोकळं आहे अशी खात्री झाली की नंबर एकच्या पाठीवर दोन थापा मारतो. कानांत बोळे असतात, वर गोळीबार चाललेला असतो, हाक मारून काही उपयोग नसतो. थापा पडल्या म्हणजे मागचं सगळं नंबर दोननं आपल्या शिरावर घेतलं. मग नंबर एकनं मागचा विचार करायचा नाही.

दयानंद नंबर एक होता. कुशाबा नंबर दोन. शेवटपर्यंत.

उत्तरेकडच्या डोंगरात एकदा त्यांची तुकडी एका कड्याखाली अडकून पडली. वरच्या खडकात दगड रचून केलेलं मोर्च्याचं बीळ होतं, आणि त्यातून मशिनगन खाली कोणालाच मान वर काढू देत नव्हती. तोफेचे गोळे त्या कड्याच्या पोटात पोहोचत नव्हते. नळी पुढं आणा, असा हुकूम आला. दोघं सरपटत पुढं गेले. कुशाबानं गोळा भरला आणि मागे बघितलं, तर मागे उभा कातळ. नळीचा जाळ त्यावर आपटून परत येणार आणि दोघांना तिथंच भाजून काढणार. त्यानं थाप मारली नाही. वरून गोळ्या येत होत्या, दगडाच्या कपच्या उडत होत्या, मागून सुभेदार ओरडत होते. दयानंद दुर्बिणीला डोळा लावून, बोट घोड्यावर ठेवून तसाच बसून राहिला. त्यानं एकदाही मान वळवून का म्हणून विचारलं नाही. कुशाबानं त्याला पट्ट्याला धरून तिरकं ओढत एका उघड्या धारेवर नेलं, पुन्हा मागे बघितलं, आणि तेव्हा थापा दिल्या.

वरचं बीळ गेलं. मागे उठलेल्या धुळीनं जागा उघडी पडते, म्हणून दोघं लगेच तिथून लोळत बाजूला झाले, आणि त्यांनी सोडलेल्या जागेवर थोड्याच वेळात तोफगोळा पडला. शाबासकी दयानंदला मिळाली, ती मिळायचीच होती. त्या दिवशी दयानंदनं आपल्या वाटणीची रम कुशाबाच्या मगात ओतली.

निवृत्त होऊन दोघं गावी आले. दयानंद आंबोलीत एका बंगल्यावर राखणीला लागला, कुशाबा उरवड्यात एका कारखान्याच्या फाटकावर. नळीनं दोघांचे कान खाल्ले होते. दयानंदचा उजवा पुरताच गेला होता. दर गुरुवारी कुशाबा आपली मोपेड घेऊन आंबोलीला जायचा. दयानंदच्या पडवीत दोघं बसायचे आणि इतक्या मोठ्यानं बोलायचे की गल्लीतली कुत्री उठून जायची. दयानंदची बायको सारजाबाई चुलीपाशी बसून म्हणायची, "भावजी, तुमी दोघं भांडताय का बोलताय, तेवढं एकदा सांगा. भांडत असाल तर भाकरी कमी टाकते."

रंभाबाई गेल्यावर कुशाबा गुरुवारी तिथंच जेवू लागला. सारजाबाई त्याच्या ताटात त्याला न विचारता वाढायची. अख्ख्या आठवड्यात दुसऱ्याच्या हातचं तेवढंच एक जेवण. बाकीचे सहा दिवस तो त्या गुरुवारच्या भरवशावर काढायचा.

आणि मग सारजाबाई गेली. सकाळी गोठ्यात शेण भरताना खाली बसली, ती उठली नाही.

आमच्याकडे लेकीनं तोंड बघितल्याशिवाय आईला आग देत नाहीत. दयानंदची एकुलती लेक शुभांगी सोलापुरात दिलेली. ती निघाली, पण पुण्यात शिरल्यावर पौड रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकली. इकडं ओढ्याकाठच्या स्मशानात सगळी तयारी झाली. चेहरा तेवढा उघडा ठेवून लाकडं रचली. दिवस कलत चालला होता आणि मावळायच्या आत आग द्यावी, असं म्हाताऱ्या मंडळींचं म्हणणं होतं. तेवढ्यात शुभांगीची गाडी घाट उतरली, असा फोन आला. मग चूड पेटवून दयानंदच्या हातात दिली. लेक येईल, तोंड बघेल, आणि लगेच आग देता येईल, असा हिशेब.

दयानंद चूड घेऊन उभा होता. कुशाबा त्याच्या उजव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे उभा होता. आयुष्यभर उभा राहत आला तिथंच. दयानंदचे पाय थरथरत होते. हा आता कोसळणार, असं कुशाबाला वाटलं. त्याला धीर द्यावा म्हणून कुशाबाचा हात उठला आणि दयानंदच्या पाठीवर पडला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

दयानंदचा हात खाली गेला.

त्यात विचार नव्हता. पाठीला थाप कळली आणि हातानं ऐकलं. लाकूड सुकं होतं, वर तूप ओतलेलं होतं. जाळ एका दमात वर चढला. आणि त्याच वेळी मागच्या वळणावर गाडी थांबली, दार उघडलं, आणि शुभांगी चप्पल टाकून धावत आली. बायकांनी तिला धरलं. ती जाळाकडं बघत राहिली. बघण्यासारखं आता तिथं काही उरलं नव्हतं.

लोक म्हणाले, दयानंदला ऐकू येत नाही, दुःखानं भान गेलं असेल बिचाऱ्याचं. कुशाबाला कोणी बोल लावला नाही. ज्यांनी थापा बघितल्या, त्यांना वाटलं, मित्र मित्राला धीर देतोय. खरं काय झालं ते त्या अख्ख्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं.

दयानंदनं मान वळवली. पलटणीत इतक्या वर्षांत कधी वळवली नव्हती. हळू आवाजात, त्याच्या नेहमीच्या ओरडण्यासारखं नव्हे, तो म्हणाला, "कुशा, मागं बघितलं न्हाईस?"

कुशाबाला ते ऐकू आलं. ज्या कानाला एसटीचा भोंगा ऐकू येत नाही, त्या कानाला ते आलं.

दहाव्याला तो गेला, पण ओढ्याच्या अलीकडं बाभळीखाली उभा राहिला. दयानंदनं त्याच्याकडं बघितलं नाही. त्यानंतरच्या गुरुवारी त्यानं मोपेड काढली, कासार आंबोलीच्या फाट्यापर्यंत गेला, थोडा थांबला आणि माघारी आला. पुढच्या गुरुवारीही तेच. फाट्यावरच्या दुकानदाराला वाटायचं, म्हातारा कोणाची तरी वाट बघतोय. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

मागे बघायची सवय वाढली ती तेव्हापासून.

वरच्या खोलीत निषाद नावाचा तरुण राहतो. विदर्भातला आहे, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो. एका सकाळी त्यानं ओट्यावर बसून कुशाबाला मोबाइलवर एक लढाई दाखवली. आकाशातून घारीएवढं यंत्र आलं आणि रणगाड्यावर पडलं. निषादनं विचारलं, काका, आता तुमच्या त्या नळीचं काय काम उरलं?

कुशाबानं ते चित्र पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा. मग म्हणाला, खरं आहे, हे लई लांबून मारतंय, आणि मारणारा दिसतबी न्हाई. पण धुकं उतरलं, वारं सुटलं आणि ते यंत्र उडेना, किंवा समोरच्या भिंतीत दोघा माणसांनी आत्ताच्या आत्ता भोक पाडायचं असलं, तर पायदळाला अजून नळीच खांद्यावर घ्यावी लागते, असं त्यानं सांगितलं. आता नळी हलकी निघाली आहे, दुर्बीण सुधारली आहे, गोळे तऱ्हेतऱ्हेचे झालेत, हे त्याला सुट्टीवर आलेल्या जवानांकडून कळलं होतं. पण जाळ अजून मागनंच जातो.

"नंबर दोन अजून लागतोय," तो म्हणाला.

निषाद हो म्हणाला. त्याच्या कंपनीची बस आली होती. तो गेला आणि कुशाबा ओट्यावर तसाच बसून राहिला.

होळी झाल्यावर एका दुपारी कुशाबाच्या अंगणात गाडी थांबली. शुभांगी उतरली. त्यानं तिला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवलं होतं. आता तिच्या कपाळावर दोन पांढरे केस दिसत होते. त्यानं तिला पाणी दिलं. ती ओट्याच्या कडेला बसली, पाणी प्यायली नाही. तांब्या हातात धरून राहिली.

बाबांना मी सोलापूरला घेऊन चाललेय, ती म्हणाली. गोठ्यातली गाय विकली, घराला कुलूप लावणार. ते एकटे राहिले तर जेवत नाहीत. कानाचं यंत्र आणून दिलं तर कपाटात ठेवून देतात, म्हणतात, ऐकायचं कोणाचं? हे सगळं तिनं त्याच्या चांगल्या कानाशी वाकून, सावकाश सांगितलं.

"बाबांनी मला थापांचं सांगितलं, काका. परवा. इतके दिवस बोलले नव्हते."

कुशाबानं मान खाली घातली.

"तुम्ही मागं का बघितलं नाही?"

हा प्रश्न त्यानं स्वतःला भाकरी थापताना, झाडू मारताना, फाट्यावर थांबल्यावर विचारला होता. उत्तर एकच होतं आणि ते त्याला पुरेसं वाटत नव्हतं. तरी त्यानं तेच दिलं.

"त्याचं पाय थरथरत हुतं, पोरी. मी त्याच्याकडं बघत हुतो. जल्मात पयल्यांदा."

रस्त्यानं एक मालाचा ट्रक गेला, अंगणातल्या आंब्याचा मोहोर थोडा गळला. मग शुभांगी पाणी प्यायली, तिनं तांब्या ओट्यावर ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि कुशाबानंही ते मागितलं नाही. उठता उठता ती एवढंच म्हणाली की आम्ही रविवारी सकाळी निघणार आहोत, यायचं तर या. बाबा बोलतील असं मी सांगत नाही.

रविवारी कुशाबानं धुतलेला सदरा घातला. फाट्यावर आल्यावर मोपेड सवयीनं हळू झाली. दुकानदारानं हात वर केला. कुशाबा थांबला नाही. कितीतरी महिन्यांनी तो आत वळला.

दयानंदच्या घराचं दार ओढून घेतलेलं होतं आणि त्याला नवं कुलूप होतं. पडवीत दोघांच्या बसायच्या जागा शेणानं सारवून कोऱ्या केल्या होत्या. अंगणात शुभांगीची गाडी उभी होती, मागच्या सीटवर गाठोडी आणि एक लोखंडी पेटी. पलटणीतली पेटी, कुशाबानं ती लांबूनच ओळखली. शुभांगी गाडी चालवायला बसली होती. दयानंद तिच्या शेजारी होता, नजर समोर. तो फार वाळला होता.

कुशाबा मोपेड लावून त्याच्या खिडकीपाशी गेला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत जुळवलं होतं. त्यानं उघड्या खिडकीच्या कडेवर हात ठेवला. दयानंदनं त्याच्याकडं बघितलं नाही. शुभांगीनं दोघांकडं बघितलं, थोडी थांबली, आणि मग गाडी सुरू केली.

दयानंदनं तिच्या हातावर हात ठेवला.

"निघायचं ना, बाबा?" तिनं विचारलं.

त्यानं हात उचलला नाही. नजर समोरच्या वाटेवर होती, आणि एक डोळा किंचित बारीक झाला होता. मग तो सीटवरून थोडा पुढं सरकला. पाठ टेकलेली होती, ती मोकळी झाली. शुभांगीला वाटलं, त्याला उतरायचं आहे. ती पट्टा सोडायला वाकली. पण कुशाबाला कळलं.

तो एक पाऊल मागे सरला आणि वळला. डावीकडून सुरुवात केली. गोठा, रिकामा. दावणीचा खुंटा. सारजाबाईचा धुण्याचा दगड, कोरडा. दोरी, तिच्यावर एकही कपडा नव्हता. कुलूप लावलेलं दार. गाडीच्या मागच्या चाकापाशी शेजाऱ्यांची कोंबडी पिलं घेऊन माती उकरत होती. तो वाकला, त्यांना हळूच हुसकलं, सगळी कुंपणापलीकडं जाईपर्यंत बघत राहिला. मग पुन्हा एकदा, उजवीकडून डावीकडे. वाटेचं वळणही बघितलं. कोणी धावत येत नव्हतं. त्यानं इतका वेळ घेतला की शुभांगीनं आरशातून त्याच्याकडं बघितलं. दयानंद तसाच बसून होता, न हलता, न विचारता.

कुशाबा खिडकीशी आला. आत हात घातला आणि त्या वाळलेल्या पाठीवर दोन थापा दिल्या.

दयानंदनं लेकीच्या हातावरचा हात उचलला आणि समोर बोट केलं.

"चल," तो म्हणाला.

गाडी निघाली. अंगणातली सुकी माती चाकांमागे उडाली आणि कुशाबाच्या अंगावर आली. तो बाजूला झाला नाही. डोळे मिटून, श्वास धरून उभा राहिला. धूळ खाली बसली तेव्हा वळणावर काही नव्हतं. त्यानं सदरा झटकला, मोपेडपाशी गेला आणि तिला किक मारायच्या आधी मागे बघितलं.

मागे कोणी नव्हतं.